शेजारच्या खंदकातले कॅनेडियन

सुरतेच्या नवागाममध्ये कॅनडा हा देश मुख्यतः पाट्यांवर भेटतो. व्हिसा, आयईएलटीएस, परदेशी शिक्षण. धुळे, जळगाव आणि नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरून नवागाम, दिंडोली, लिंबायतमध्ये वसलेली खानदेशी कुटुंबं श्रावणात कानबाईचे रोट अजून घालतात. म्हातारी माणसं घरात अहिराणी बोलतात. नातवंडांच्या डोक्यात मात्र टोरोंटो आणि ब्रॅम्प्टन असतं. या घरांत कॅनडाचा विषय निघतो तो फी, थंडी आणि तिकडे गेलेल्या पोरांच्या फोनवरून.

मराठी माणसाची कॅनेडियन माणसाशी पहिली मोठी गाठ मात्र यापेक्षा कितीतरी जुनी आहे. ती ना मुंबईत पडली, ना टोरोंटोत. ती पडली इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, १९४३ च्या डिसेंबरात, घोट्यापर्यंतच्या चिखलात. एका बाजूला कॅनडाची पहिली इन्फन्ट्री डिव्हिजन होती. तिला लागूनच आठवी इंडियन डिव्हिजन होती, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, थोडक्यात १/५ मराठा. पुढचं सव्वा वर्ष या दोन सैन्यांच्या वाटा इटलीत पुन:पुन्हा एकमेकांना मिळत राहिल्या. त्या वाटांनी आजही फिरता येतं. रेल्वे आहे, बस आहे, गावोगावी माहितीफलक आहेत. फक्त बहुतेक फलकांवर कॅनडाचं नाव सहज दिसतं आणि मराठ्यांचं शोधावं लागतं.

आकडे पाहिले की ही तफावत जास्त खटकते. इटलीच्या मोहिमेत कॅनडाचे सुमारे ९३ हजार सैनिक लढले आणि ५,९०० हून अधिक मेले. भारताचे सुमारे ५० हजार लढले आणि ५,७८२ मेले. मृतांचे आकडे जवळजवळ सारखे. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉस शौर्यपदकांपैकी सहा भारतीयांचे, तीन कॅनेडियनांचे. सहांपैकी दोघे मराठे: यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव.

नवागामहून निघणाऱ्याने मुंबईहून रोमचं विमान धरावं. रोममध्ये कोलोसियम वगैरे बघून घ्यावं, कारण पुढच्या प्रवासात संगमरवरापेक्षा सिमेंट आणि गवतच जास्त दिसणार आहे. रोमहून डोंगर ओलांडून पूर्वेला पेस्काराला जायचं, तिथून किनाऱ्याच्या लोकल गाडीने दक्षिणेला ऑर्टोनाला. समुद्रावर कड्याच्या टोकाला एक पडका किल्ला, त्याच्या मागे गाव, गावाच्या मागे ऑलिव्ह आणि द्राक्षाचे मळे. दाराशी एड्रिएटिक समुद्र. इथून दक्षिणेला मासे धरायचे जुने लाकडी माचे पाण्यात पाय रोवून उभे दिसतात. त्यांना त्राबोक्को म्हणतात. हल्ली जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी सायकलचा रस्ता केला आहे. सुट्टीत आलेली इटालियन कुटुंबं त्यावरून आइस्क्रीम खात जातात.

ऑर्टोनात भारतीय माणसाला पहिला धक्का बसतो तो चर्चमध्ये. भारतात येऊन मद्रासजवळ मारला गेला असं ज्याच्याबद्दल ख्रिस्ती परंपरा सांगते, त्या संत थॉमसच्या अस्थी इथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत. १२५८ साली ऑर्टोनाचे खलाशी त्या खिओस बेटावरून घेऊन आले, अशी गावाची श्रद्धा आहे. २१ डिसेंबर १९४३ ला जर्मनांनी कॅथेड्रलचा मोठा भाग सुरुंगाने उडवला. अस्थी वाचल्या. आज दिसते ती इमारत युद्धानंतर पुन्हा उभी केलेली आहे, आणि नव्या-जुन्या दगडांचा रंग नीट पाहणाऱ्याला वेगळा ओळखू येतो.

सुरुंग का लावले, हे गावाच्या रचनेवरून कळतं. रस्ते अरुंद. घरं भिंतीला भिंत लागून. जर्मनांच्या पहिल्या पॅराशूट डिव्हिजनच्या सैनिकांनी बाजूच्या गल्ल्या घरं पाडून बुजवल्या, म्हणजे कॅनेडियनांना मोठ्या रस्त्यानेच यावं लागेल आणि चौकात बंदुका त्यांची वाट पाहत असतील. लॉयल एडमंटन रेजिमेंट आणि सीफोर्थ हायलँडर्स या दोन पलटणींनी रस्ता सोडला आणि घरांतूनच पुढे जायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर सामाईक भिंतीला स्फोटकं लावायची, भोक पाडायचं, त्यातून ग्रेनेड टाकायचा, मागोमाग शिरायचं, जिन्याने खाली येत खोल्या साफ करायच्या, की पुढच्या घराची भिंत. नवागामच्या एकमेकीला चिकटलेल्या घरांच्या ओळीत कोणी एका टोकाच्या माळ्यावरून शिरून रस्त्यावर पाय न ठेवता दुसऱ्या टोकाला निघावं, तसं. उंदरासारखी भोकं पाडत पुढे सरकायची ही युक्ती नंतर अनेक देशांच्या लष्करी प्रशिक्षणात शिकवली गेली.

गल्लीबोळातली ही लढाई आठ दिवस चालली. २७ डिसेंबरला जर्मनांनी आधीच सुरुंग पेरून ठेवलेलं एक घर एडमंटनच्या तुकडीवर पाडलं. ढिगाऱ्याखालून एक जवान तीन दिवसांनंतर जिवंत निघाला, बाकी बहुतेक तिथेच गेले. कॅनेडियनांनी लगेच जर्मन असलेलं एक घर तसंच उडवून हिशोब चुकता केला. २८ डिसेंबरला सकाळी कळलं की जर्मन रात्रीतून निघून गेले आहेत.

या सगळ्यात गावकरी कुठे होते? जर्मनांनी गाव रिकामं करायचा हुकूम दिला होता. पण तळघरांत, भुयारांत, आजूबाजूच्या वस्त्यांत पुष्कळ लोक राहिलेच. म्हातारी माणसं घर सोडायला तयार नव्हती, आणि काहींना जायला जागाच नव्हती. ऑर्टोनाचे सुमारे १,३०० नागरिक या लढाईत गेले. दक्षिणेकडची मोरो नदी ते ऑर्टोना या पट्ट्यात पडलेल्या कॅनेडियनांचा आकडाही साधारण तेवढाच आहे. गावातल्या छोट्या युद्ध संग्रहालयात दोन्ही मृत्यू एकाच छताखाली मांडले आहेत. बाहेर चौकात रॉब सरेट या शिल्पकाराने केलेला, १९९९ मध्ये बसवलेला पुतळा आहे: पडलेल्या सोबत्याजवळ गुडघ्यावर बसलेला सैनिक. त्या चौकाचं नावच 'कॅनेडियन वीरांचा चौक' आहे.

नाताळच्या जेवणाची गोष्ट इथे प्रत्येक वाटाड्या सांगतो, आणि ती खरी आहे. २५ डिसेंबरला, लढाई अवघ्या काही गल्ल्यांवर चालू असताना, सीफोर्थच्या माणसांनी सांता मारिया दी कोन्स्तांतिनोपोली या चर्चमध्ये लांब टेबलं मांडली. पांढऱ्या चादरी, मेणबत्त्या. एकेक कंपनी मोर्चावरून आळीपाळीने यायची, सूप, डुकराचं मटण, बटाटे, पुडिंग खायची आणि परत जायची. ऑर्गनवर नाताळची गाणी वाजत होती. अनेकांचं ते शेवटचं जेवण ठरलं. १९९८ च्या नाताळात याच गावात कॅनेडियन आणि जर्मन म्हातारे सैनिक पुन्हा एका टेबलावर बसून जेवले.

जेवणाच्या टेबलावर एक गोष्ट आणखी ठेवायला हवी, जी ऑर्टोनाचा वाटाड्या सांगत नाही. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मरत होती. कॅनडाने एक लाख टन गहू देऊ केला. पंतप्रधान मॅकेन्झी किंग तयार होते. लंडनहून चर्चिल यांचं उत्तर आलं की वाहून न्यायला जहाजं नाहीत. मोरो नदीवर कॅनेडियनांच्या खांद्याला खांदा लावून लढायला भारतीय पलटणी आणताना जहाजं मिळाली होती, हे सांगण्यासाठी इतिहासकार असायची गरज नाही.

गावाच्या दक्षिणेला दोन-तीन मैलांवर मोरो नदी. नदी म्हणावी एवढी ती नाही, उन्हाळ्यात ओढाच. पण तिची दरी खोल आणि काठ उभे आहेत. डिसेंबरात पाऊस लागला की सगळा उतार घसरता चिखल होतो. ५-६ डिसेंबरच्या रात्री कॅनडाच्या प्रिन्सेस पॅट्रिशिया लाइट इन्फन्ट्रीने नदी ओलांडून पलीकडची व्हिला रोगात्ती ही वस्ती घेतली. वस्ती हाती आली, पण रणगाडे आणि रसद पलीकडे नेण्यासाठी पूल हवा होता. कॅनेडियन इंजिनिअर्सनी जागा पाहिली. नदीकडे उतरणारा रस्ता अगदी काठाशी असा वळत होता की तयार लोखंडी भाग जोडून उभारायच्या बेली पुलाचा सांगाडा अलीकडून पुढे सरकवायला जागाच नव्हती. इथे पूल होणार नाही, असं त्यांचं मत पडलं. कॅनेडियन माघारी बोलावले गेले आणि हा भाग आठव्या इंडियन डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडकडे आला. १/५ मराठा याच ब्रिगेडमधली.

मग भारतीय सैन्याच्या इंजिनिअर्सनी, बंगाल सॅपर्सनी, काय केलं? त्यांनी सामान नदीच्या पलीकडे नेलं आणि पूल शत्रूच्या बाजूने आपल्या बाजूकडे बांधत आणला. बेली पूल नेहमी आपल्या काठावर जोडतात आणि समोर ढकलतात. इथे सगळं उलटं होतं, तेही तोफगोळ्यांच्या माऱ्यात. पूल झाला. नाव पडलं 'इम्पॉसिबल ब्रिज', आणि इंग्रजी इतिहासग्रंथांत आजही तो याच नावाने आहे. त्यावरून जाऊन २१ व्या ब्रिगेडने पुढची काल्दारी ही वस्ती घेतली आणि कॅनेडियनांच्या डाव्या अंगावरचा दाब कमी झाला. नाताळच्या त्याच आठवड्यात, ऑर्टोनापासून थोड्याच अंतरावर आत, व्हिला ग्रांदे नावाच्या खेड्यात १९ व्या इंडियन ब्रिगेडची तशीच घराघरांतली लढाई चालू होती. ऑर्टोनावर पुस्तकं आली, माहितीपट निघाले. व्हिला ग्रांदेला फारसं कोणी जात नाही.

पश्चिमेला गेलं की कासा बेरार्दी दिसतं. दगडी, चौकोनी, मळ्यातला एखादा जुना वाडा असावा तसं घर. १४ डिसेंबरला क्वीबेकच्या रॉयल बावीसाव्या रेजिमेंटचा कॅप्टन पॉल त्रिके आपली कंपनी घेऊन इथे पोहोचला तेव्हा मूठभर माणसं आणि थोडे रणगाडे एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं. चहूकडून जर्मन. तो तिथेच ठाण मांडून बसला. त्याबद्दल त्याला मिळालेला हा इटलीतला कॅनडाचा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस. फार्ली मोवॅट हा पुढे जगभर वाचला गेलेला लेखक याच आघाडीवर तरुण अधिकारी होता. १९७९ मध्ये आलेल्या आपल्या आठवणींत त्याने मोरोची जी भीती लिहिली आहे, तिच्यात शौर्याची झूल अजिबात नाही. कॅनडाकडे असे बरेच लिहिणारे होते. वार्ताहर होते, सैन्याने नेमलेले चित्रकारही होते. मराठा शिपायाची पत्रं सेन्सॉरकडून गेली, आणि त्याची गोष्ट उरली ती बहुतेक पदकाच्या प्रशस्तिपत्रात, दुसऱ्याच्या इंग्रजीत.

मोरो रिव्हर कॅनेडियन युद्धस्मशानभूमीत सान दोनातोच्या छोट्या चर्चजवळून आत जातात. १,६१५ शिळा. समोर समुद्र. प्रत्येक कॅनेडियन शिळेवर मेपलचं पान आणि खाली, पुष्कळदा, घरच्यांनी निवडलेल्या एक-दोन ओळी. हिंदू जवान इथे शोधू नयेत. त्यांचं दहन झालं. त्यांच्यासाठी दक्षिणेला, तोरिनो दी सांग्रो गावाच्या टेकडीवरच्या सांग्रो रिव्हर युद्धस्मशानभूमीत वेगळं स्मारक आहे. पाचशेहून अधिक भारतीय नावं त्यावर पलटणीवार कोरली आहेत. सायकलने किनाऱ्याच्या रस्त्यावरून निघालं तर ऑर्टोना ते तोरिनो दी सांग्रो अर्ध्या दिवसात होतं. फक्त शेवटचा चढ दमवतो. नावं वाचताना मराठी डोळ्याला लगेच कळतं की हा शिंदे, हा मोरे, हा कदम.

पुढचा मुक्काम कासिनो. रोम आणि नेपल्सच्या मधलं हे गाव डोंगरावरच्या मठामुळे प्रसिद्ध आहे. बहुतेक पर्यटक मठ पाहून परततात. खालून वाहणाऱ्या गारी नदीकडे कोणी फिरकत नाही. नदी अरुंद आहे पण वेगवान, आणि पाणी विलक्षण थंड. ११ मे १९४४ च्या रात्री हजाराहून अधिक तोफा एकाच वेळी सुटल्या आणि आठव्या इंडियन डिव्हिजनने नावांतून नदी ओलांडायला सुरुवात केली. त्यांच्या पाठीशी रणगाडे होते कॅनडाचे. धुकं आणि धूर इतका की नावा भलत्याच काठाला लागत होत्या.

रणगाडे पलीकडे न्यायचे कसे, यावर टोनी किंग्जमिल या कॅनेडियन कॅप्टनने एक अजब तोड काढली होती. बुरूज काढून टाकलेल्या एका रणगाड्याच्या पाठीवर पूर्ण जोडलेला बेली पूल ठेवायचा, मागून दुसऱ्या रणगाड्याने तो रेटायचा, पुढचा रणगाडा पाण्यात उतरवायचा आणि पूल समोरच्या काठावर टेकवायचा. १२ मेच्या सकाळी हे खरोखर जमलं. कॅलगरी रेजिमेंटचे पहिले काही रणगाडे त्यावरून गेले, मग पूल गोळ्यांनी खराब झाला. भारतीय सॅपर्सनी बांधलेला दुसरा पूल मात्र टिकला. त्याच दिवशी पलीकडच्या काठावर राजस्थानातला कमल राम हा १९ वर्षांचा शिपाई एकामागून एक मशीनगनची ठाणी मोडत गेला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोरोवर कॅनेडियनांनी नाही म्हटलेला पूल भारतीयांनी बांधला होता. गारीवर भारतीयांच्या वाटेसाठी पूल पाठीवर घेऊन कॅनेडियन आले. या दोन पुलांची गोष्ट एकत्र सांगणारा फलक दोन्ही नद्यांवर नाही.

कासिनोहून उत्तरेला जाताना लिरी खोऱ्यातलं तोरीचे हे खेडं लागतं. तिथल्या एका मुलाची कथा कॅनडात बरीच माहीत आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात रसद वाहणाऱ्या कॅनेडियन तुकडीला एक पाच-सहा वर्षांचा, उपाशी, एकटा पोरगा सापडला. नाव जीनो. सैनिकांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला, त्याला ट्रकमध्ये बसवलं आणि आघाडीबरोबर उत्तरेला नेलं. तुकडी इटली सोडून निघाली तेव्हा तुकडीबरोबर काम करणाऱ्या फार्नेती नावाच्या इटालियन माणसाने त्याला आपल्या घरी घेतलं. हा जीनो पुढे म्हातारा होईपर्यंत त्या सैनिकांचा माग काढत राहिला, आणि अखेर त्यांच्यापैकी काहींची आणि त्याची गाठ पडली.

मग टायबरचं वरचं खोरं. उम्ब्रिया हा प्रांत हिरवागार आहे. मोंतोने हे डोंगरावरचं तटबंदीचं गाव इटलीच्या सुंदर गावांच्या यादीत आहे. पंधराव्या शतकातला ब्राच्चो हा भाडोत्री फौजांचा नामांकित सरदार इथलाच. १० जुलै १९४४ ला या परिसरात दहाव्या इंडियन डिव्हिजनमधल्या ३/५ मराठाचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे उभे राहिले. ते सरळ मशीनगनवर धावले, ग्रेनेडने ती बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. गोळ्या संपल्या. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानेच संपवलं. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि ते तिथेच पडले. वय बावीस.

त्यांची समाधी नाही. नाव आहे कासिनोच्या स्मारकावर, चार हजारांहून अधिक नावांमध्ये. त्यांचं गाव पळसगाव-आमडोशी, रायगडच्या माणगाव तालुक्यातलं. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या चहाच्या टपऱ्यांवर थांबणाऱ्या किती गाड्यांतली माणसं तो पाहतात, कोण जाणे. मोंतोनेवाल्यांनी मात्र २०२३ च्या जुलैत आपल्या गावात घाडग्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. स्मारकांवरची वाक्यं बहुधा विसरायच्या लायकीची असतात. हे वाक्य निदान वेळ तरी सांगतं.

फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला मोंतेस्पेर्तोलीजवळ मोंतेगुफोनी नावाचा गढीसारखा वाडा आहे. आता तिथे पर्यटक खोल्या घेऊन राहतात, पोहायला तलाव आहे. १९४४ च्या जुलैअखेर इथे १/५ मराठाचा मुक्काम पडला. तळघरांत आसपासचे निर्वासित इटालियन भरले होते. वरच्या दालनांत भिंतीला टेकवून, काही अर्ध्या उघड्या पेट्यांत, शेकड्यांनी चित्रं ठेवलेली होती. युद्धापासून वाचवण्यासाठी फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयाने ती शहराबाहेर हलवली होती. पलटणीची भेट घ्यायला आलेले लेखक एरिक लिंक्लेटर आणि बीबीसीचे वार्ताहर विनफर्ड वॉन-टॉमस दालनात शिरले आणि थबकले. समोर उच्चेल्लोचं 'सान रोमानोची लढाई' हे चित्र होतं. आणि बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा', तीन मीटरहून लांब. पलटणीच्या इंग्रज कर्नलने दालनांवर पहारे बसवले. जगातल्या अतिशय मोलाच्या चित्रांपैकी एकाच्या रखवालीला अशा रीतीने काही दिवस मराठा शिपाई उभे होते. त्यांना चित्र कसं वाटलं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. लिंक्लेटरने स्वतःबद्दल मात्र कबूल केलं आहे की कोणी पाहत नसताना त्याने चित्रातल्या स्त्रियांचं चुंबन घेतलं. उफिझीत हे चित्र आज पाहायला तासभर रांग लागते. त्याच्या खालच्या पाटीवर या मुक्कामाचा उल्लेख शोधत बसण्यात अर्थ नाही.

फ्लॉरेन्सहून डोंगरातून जाणारी फायेंझाची गाडी धरली की पोच्या मैदानात उतरायला होतं. इथे नद्या एकामागून एक, समांतर, उंच बांधांच्या आत: साव्हिओ, लामोने, सेनिओ. हे बांध पूर थोपवायला घातलेले, पण १९४४ च्या शरद ऋतूत प्रत्येक बांध म्हणजे जर्मनांची एक भिंत झाला. साव्हिओवर २१-२२ ऑक्टोबरच्या रात्री सीफोर्थचा साधा शिपाई अर्नेस्ट स्मिथ, सगळे त्याला 'स्मोकी' म्हणत, याने खांद्यावरच्या पियाट या रणगाडाविरोधी शस्त्राने तीस फुटांवरून रणगाडा फोडला आणि जखमी सोबत्यासाठी रस्ता राखून धरला. बेशिस्तीबद्दल त्याला वारंवार पदावनत केलं गेलं होतं, असं म्हणतात. कॅनडात हा मनुष्य अतिशय लाडका. २००५ मध्ये तो वारला तेव्हा त्याचं पार्थिव ओटावाच्या संसदभवनात दर्शनासाठी ठेवलं होतं.

सेनिओच्या बांधावर कॅनेडियनांनी सगळा हिवाळा काढला. समोरासमोर, काही ठिकाणी इतके जवळ की बोलणं ऐकू यावं. मग कॅनडाचं सैन्य हॉलंडकडे हलवायचं ठरलं आणि फेब्रुवारी १९४५ च्या अखेरीस त्यांच्या पहिल्या डिव्हिजनच्या जागी, त्याच बांधात, आठवी इंडियन डिव्हिजन आली. म्हणजे मराठे अक्षरशः कॅनेडियनांनी खोदलेल्या बिळांत उतरले. ९ एप्रिलला लुगोच्या बाजूला हल्ला सुरू झाला. १/५ मराठाच्या एका कंपनीचा निरोपे होते नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलेल्यांपैकी कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले. जाधवांनी जखमींना पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, दोन खेपांत अलीकडे आणलं. मग पुन्हा एकटे पलीकडे. मशीनगनच्या तीन जागा गप्प केल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून ग्रेनेड फेकत राहिले. शेवटी बांधाच्या माथ्यावर, मोर्टारच्या माऱ्यात, उभे राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत कंपनीला वर बोलावलं. ते जिवंत परतले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले.

सेनिओच्या लढाईचं संग्रहालय जवळच्या आल्फोन्सिनेत आहे. लहान आहे पण नीट लावलेलं. बांधाचे नकाशे, खंदकांतली भांडी, स्थानिक लोकांच्या आठवणी. कॅनेडियन, भारतीय, न्यूझीलंडर, पोलिश, सगळ्यांचे गणवेश एकाच रांगेत. या भागातल्या कॅनेडियनांच्या कबरी व्हिलानोव्हा आणि राव्हेन्नाला आहेत. भारतीयांचं दहनस्मारक फोर्लीला. फायेंझाहून फोर्ली रेल्वेने अगदी जवळ.

इटलीला निघण्यापूर्वी नवागामच्याच घरात बसून एक काम उरकता येतं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांची यादी खुली आहे. रेजिमेंटच्या जागी पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि देशाच्या जागी इटली निवडलं की नावं उतरू लागतात. पुष्कळ नावांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही आहे, इंग्रजांनी ऐकून लिहिलेल्या स्पेलिंगमध्ये, त्यामुळे ती मोठ्याने वाचून पाहावी लागतात. प्रत्येक नोंदीत स्मारकाचा आणि त्यावरच्या फलकाचा क्रमांक असतो. तो कागदावर उतरवून घ्यावा. कासिनोच्या भिंतींसमोर उभं राहून क्रमांकाशिवाय घाडगे शोधायला गेलं तर संध्याकाळची रोमची गाडी हमखास चुकते.